दोन प्रकारचं पाणी : पावसाळी टायरचा इतिहास, वडखळ ते अलिबाग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना भरकटलो होतो तिथे थोडी काटछाट केली आहे.

आजचा विषय टायर. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये टायर कुठून आला, असं वाटेल. तर सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि घर चौलला आहे. तीन वर्षांपूर्वी सेकंड हँड टर्बो हॅचबॅक घेतली. मूळ टायर १८५/६० आर१५ होते. मित्रांचं आणि व्हिडिओंचं ऐकून मी १६ इंची रिम आणि २०५/५० चे टायर टाकले. रुंद, कमी खाचांचे, दिसायला एकदम रेसिंग. मे महिन्यात खोपोलीच्या रस्त्यावर गाडी अशी चिकटून वळायची की मी स्वतःवरच खूश होतो.

मग जुलै आला. आईला घेऊन घरी निघालो होतो. पेण सोडलं, वडखळ गेलं, धरमतरचा पूल ओलांडला. पाऊस कोकणातला, म्हणजे वायपर फास्टवर टाकूनही काही दिसत नाही असा. पोयनाडच्या अलीकडे सरळ रस्ता होता, वेग ८० च्या आसपास. अचानक स्टिअरिंग हलकं झालं. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी माझी राहिली नाही. एखादा सेकंद असेल. समोरून ट्रक येत होता. गाडी थोडी डावीकडे सरकली, मग टायरांनी पुन्हा रस्ता धरला.

आई काही बोलली नाही. पण पुढच्या वेळी ती एसटीनं आली. "तुझी धावपळ नको बाबा," म्हणाली. कारण ते नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतर मी वाचायला बसलो. लोकांनी चाक आणि पाणी यांचा प्रश्न कसा कसा सोडवला, याचा इतिहास त्यातून हाती लागला. त्याचं सार एका वाक्यात सांगतो, मग मागे जाऊ : टायरसाठी रस्त्यावरचं पाणी दोन प्रकारचं असतं, आणि दोघांवरचे उपाय वेगळे आहेत.

धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला आपल्याकडे धाव म्हणतात. म्हणजे टायर यायच्या आधीच मराठीत टायरला शब्द होता. धाव तापवून चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं. थंड होताना ती आवळते आणि चाक घट्ट होतं. तिचं काम चाक टिकवणं. पकड देणं हे तिचं कामच नाही, कारण ओढणारे बैल आणि पकड बैलांच्या खुरांची.

दुसरा शब्द चाकोरी, म्हणजे चाकांनी रस्त्यात पाडलेली खोबण. पावसात पाणी आधी तिथेच भरतं. आज बैलगाडीऐवजी अवजड ट्रक आहेत, पण डांबरात चाकोरी पडतेच. पोयनाडच्या अलीकडे माझी दोन्ही डावी चाकं तिच्यातच होती.

नक्षी

हवेच्या टायरचं पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसननं १८४५ सालीच घेतलं होतं, पण ते चाललं नाही. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तोच शोध नव्याने लावला आणि जग बदललं.

पण ते सुरुवातीचे टायर गुळगुळीत होते. आपण आज ज्याला 'टायर गोटा झाला' म्हणतो, तो तेव्हा नवाच गोटा असायचा. मोटारीत इंजिनच चाकाला फिरवतं, त्यामुळे पकड आता चाकाचीच जबाबदारी झाली. ओल्या रस्त्यावर गाड्या घसरू लागल्या. १९०४ मध्ये जर्मनीच्या कॉन्टिनेंटलनं मोटारीसाठी नक्षीचा टायर आणला. १९०८ च्या सुमारास अमेरिकेत फायरस्टोननं तर टायरच्या पृष्ठभागावर 'नॉन स्किड' ही अक्षरंच कोरली. घसरणार नाही, असं लिहिलेली अक्षरं हीच नक्षी! १९२३ मध्ये सायप नावाच्या अमेरिकन माणसानं रबरात ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक चिरांचं पेटंट घेतलं. आजही टायरवरच्या त्या बारीक चिरांना इंग्रजीत त्याच्याच नावानं ओळखतात.

या सगळ्यात एक गृहीत होतं, की पाणी म्हणजे वंगण. रबराच्या कडा त्याला कापून रस्त्यापर्यंत पोचल्या की झालं. कमी वेगाला ते बरोबरही होतं.

आपल्याकडे ते कितीतरी वर्षं पुरलं. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी ५.२०-१४ मापाच्या टायरवर चालायची, म्हणजे टायरची रुंदी जेमतेम १३२ मिलिमीटर. माझे २०५ आठवा. अरुंद टायर, कमी ताकद आणि दोन पदरी रस्ता. त्या गाड्या पावसात चांगल्या धरायच्या असं घरातले मोठे सांगतात, त्यात बराच वाटा या अरुंदपणाचा आणि वेगाचा असणार.

विमानाचं चाक थांबतं तेव्हा

दुसऱ्या पाण्याचा शोध विमानांमुळे लागला. ओल्या धावपट्टीवर उतरलेली विमानं ब्रेक दाबूनही थांबत नव्हती. अमेरिकेत नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि त्यांचे सहकारी यावर काम करत होते. त्यांना दिसलं की पुरेशा वेगात, ब्रेक लावलेला नसतानाही, ओल्या पृष्ठभागावर धावणारं चाक फिरायचं मंदावतं आणि थांबतंसुद्धा. कारण ते जमिनीला टेकलेलंच नसतं, पाण्यावर तरंगत असतं.

१९६३ मध्ये हॉर्न आणि ड्रेहर यांचा अहवाल आला. त्यातलं सूत्र आम्हा इंजिनिअर लोकांना आवडेल इतकं सोपं आहे. टायरसमोर साचलेलं पाणी टायरला वर ढकलतं आणि तो दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो टायरमधल्या हवेच्या दाबाइतका झाला की टायर उचलला जातो. आपल्या एककांत : हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ काढा, १६.७ ने गुणा, आलेलं उत्तर ताशी किलोमीटर.

३२ पीएसआयला ९४ येतात. २६ ला ८५. मी त्या दिवशी हवा तपासली नव्हती. घरी पोचल्यावर तपासली, पुढच्या डाव्या चाकात २६ होती.

हे सूत्र गुळगुळीत टायरसाठी, किंवा खाचांच्या खोलीपेक्षा पाणी जास्त असेल तेव्हाचं. यात गाडीचं वजन कुठेच नाही. 'माझी गाडी जड आहे, ती नाही तरंगत' या समजुतीला इथे फारसा आधार मिळत नाही. ब्रेकची एबीएस यंत्रणाही इथे हतबल, कारण चाकाखाली रस्ताच नसतो.

मग नक्षीचं काम काय? पंप. हिशोब करून बघा. रस्त्यावर २ मिलिमीटर पाणी, टायरचा जमिनीला लागणारा भाग १८ सेंटिमीटर रुंद आणि वेग ८०. एका टायरला सेकंदाला सुमारे ८ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. दर दोन सेकंदांना एक बादली, तीही एकाच चाकापुढून! टायर रुंद केला की पाणी वाढतं आणि त्याला बाजूला पळायला अंतरही जास्त. खाचा कमी असतील तर पाण्याला वाटच नाही. माझ्या टायरमध्ये दोन्ही दोष होते, आणि ते मी पैसे मोजून घेतले होते.

याच काळात दोन गोष्टी कामी आल्या. एक रेडियल टायर. मिशेलिननं त्याचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं होतं. त्यातल्या पोलादी पट्ट्यामुळे टायरचा तळ सपाट राहतो आणि खाचा दाबाखाली मिटत नाहीत. दुसरी गोष्ट टायरमध्ये नाही, रस्त्यात झाली. साठच्या दशकात धावपट्ट्यांवर आडव्या खाचा पाडायचं काम वाढलं आणि तिथून ते महामार्गांवर आलं. मुंबई-गोवा महामार्गाच्या नव्या काँक्रीटवर गाडी गेली की जो घुंऽऽ आवाज येतो, तो अशाच बारीक आडव्या रेषांचा. त्यांचं काम पकड देणं आणि पाण्याला वाट देणं.

वाळूतला माल

आता पहिल्या पाण्याकडे परत. कार्ले खिंडीतल्या वळणांवर पाणी साचत नाही, उतारानं वाहून जातं. तिथे पातळ ओला थर असतो, पहिल्या पावसात त्यात धूळ आणि तेलही. तिथे खाचांपेक्षा रबर महत्त्वाचं. रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात किती शिरतं आणि त्यात किती ऊर्जा जिरवतं, यावर पकड ठरते.

पण ऊर्जा जिरवणारं रबर म्हणजे पेट्रोल पिणारं रबर. पकड, इंधन आणि टिकाऊपणा या तिघांत एक ओढलं की दुसरं सुटायचं. टायर काळा असतो तो त्यातल्या कार्बन ब्लॅकमुळे. त्यानं टायर टिकतो, पण हा पेच सुटत नव्हता. १९९२ मध्ये मिशेलिननं त्याच्या बऱ्याचशा जागी सिलिका घातलेला टायर बाजारात आणला. सिलिका म्हणजे रासायनिकदृष्ट्या वाळूतलाच माल. रबराशी तिचं सहज जमत नाही, म्हणून मध्ये सिलेन नावाचं जोडरसायन लागतं. जमलं की टायर सावकाश फिरताना ऊर्जा कमी खातो आणि ओल्यात सूक्ष्म घसरणीच्या वेळी पकडही देतो. आजचे चांगले परफॉर्मन्स टायर पावसात चालतात ते मुख्यतः यामुळे.

मग घ्यायचे कोणते?

हा इतिहास डोक्यात ठेवला तर दुकानात काय विचारायचं ते कळतं.

पहिलं, 'परफॉर्मन्स' या शब्दानं फसू नका. एक प्रकार कोरड्या ट्रॅकसाठी असतो, खाचा अगदी कमी. तो आपल्यासाठी नाही. दुसरा रस्त्यावरचा उन्हाळी परफॉर्मन्स टायर. युरोपातल्या चर्चा वाचून लोक इथे ऑल-सीझन शोधतात. पण तिकडचा ओला रस्ता थंड असतो. आपला पाऊस उबदार, पारा पंचविशीच्या आसपास. उन्हाळी टायरचं रबर या तापमानात व्यवस्थित काम करतं. रुंद, सलग, टायरभोवती फिरणाऱ्या तीन-चार उभ्या खाचा मात्र हव्यात.

दुसरं, लेबल. युरोपात २०१२ पासून टायरला ओल्या पकडीची श्रेणी असते. 'ए' किंवा 'बी' बघा. पण ही चाचणी पातळ थरावरच्या ब्रेकिंगची असते, साचलेल्या पाण्याची नाही. म्हणजे कार्ले खिंडीची हमी मिळते, वडखळची नाही. आपल्याकडे २०२२ पासून नव्या डिझाइनच्या टायरना ओल्या पकडीची किमान पातळी गाठावी लागते, हे चांगलं झालं. पण टायरवरचे तारे मुळात इंधनबचतीचे असतात. त्यांना पकडीचे गुण समजू नका.

तिसरं, रुंदी. कंपनीनं दिलेल्या मापाच्या फार पुढे जाऊ नका. मी १५ इंची रिमवर परत आलो आणि १९५/५५ घेतले. व्यासात फरक सव्वा टक्का, म्हणून स्पीडोमीटरही जवळपास खरा.

चौथं, खोली. कायद्यानं मोटारीला १.६ मिलिमीटर चालतात. नव्या टायरला साधारण आठ असतात. २ मिलिमीटर पाण्यात १.६ च्या खाचा म्हणजे हॉर्नसाहेबांचा गुळगुळीत टायरच. मी जूनच्या आधी मोजतो आणि तीनच्या खाली असेल तर बदलतो. दोनच नवे घेणार असाल तर मागे बसवा. पुढे नवे आणि मागे झिजलेले असले की आधी मागची बाजू सुटते, आणि ती आवरणं कठीण.

पाचवं फुकट आहे : हवा. थंड टायरमध्ये, पंधरवड्यातून एकदा. कोपऱ्यावरच्या टायरवाल्या काकांना मी हे सगळं पुराण ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, एवढं शिकलास, पण हवा मारायला कोण सांगणार तुला?" उत्तर नव्हतं.

आणि कधी स्टिअरिंग हलकं झालंच, तर पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद उचला, ब्रेक दाबू नका, चाक सरळ धरा आणि थांबा. पण खरा उपाय त्याआधीचा. पाणी साचलेलं दिसलं की ६०. वरच्या सूत्रात आपल्या हातात दोनच आकडे आहेत. हवा घरून निघताना, वेग रस्त्यावर.

मागच्या ऑगस्टमध्ये आई पुन्हा गाडीत बसली. मागच्या सीटवर. वडखळच्या पुढे तिनं विचारलं, "किती आहे रे?" मी म्हटलं, "पंचावन्न." म्हणाली, "असू दे तेवढंच."

तुमच्या पावसाळी रस्त्यांचे अनुभव कळवा, पुढच्या भागात त्यातले काही वाचून दाखवेन. तोवर हवा तपासा. भेटू.