सेकंड हँड मोबाइल घेताय? पैसे देण्याआधी हा १५ अंकी नंबर तपासा

वर्धा जिल्ह्यातलं कारंजा (घाडगे) हे तालुक्याचं गाव नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. इथल्या कुणाला सेकंड हँड मोबाइल घ्यायचा झाला, तर गावातलं दुकान, नागपूर-अमरावतीचं मार्केट किंवा सोशल मीडियावरची जाहिरात असे पर्याय असतात. चर्चा होते ती कॅमेरा, रॅम आणि बॅटरीची. पण फोन चोरीचा तर नाही ना, हे विचारायचं राहून जातं. सगळे पैसे बुडू शकतात ते नेमके इथेच.

चोरीचा फोन निघाला तर काय होतं?

प्रत्येक मोबाइलला आयएमईआय हा १५ अंकी नंबर असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात. फोन चोरीला गेला की मूळ मालक पोलिसांत तक्रार देऊन, दूरसंचार विभागाच्या सीईआयआर यंत्रणेतून तो ब्लॉक करू शकतो. सप्टेंबर २०१९ मध्ये ही यंत्रणा मुंबईत सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये 'संचार साथी' पोर्टलद्वारे देशभर पोहोचली.

ब्लॉक झालेल्या फोनमध्ये सिम कोणत्याही कंपनीचं टाकलं तरी तो चालत नाही. उलट सिम टाकल्याची माहिती पोलिसांपर्यंत जाऊ शकते. मग फोनही जातो आणि पैसेही. चोरीचा आहे हे माहीत असूनही फोन घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

कसं तपासायचं?

१. फोन हातात घ्या आणि *#०६# डायल करा. आयएमईआय नंबर स्क्रीनवर दिसेल.

२. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत केवायएम टाइप करा, एक जागा सोडून तो नंबर लिहा आणि १४४२२ वर एसएमएस पाठवा. हीच सोय 'संचार साथी' पोर्टलवरही आहे.

३. उत्तरात 'ब्लॅकलिस्टेड', 'डुप्लिकेट' किंवा 'ऑलरेडी इन यूज' असं आलं, तर तो फोन घेऊ नका.

४. फोन दोन सिमचा असेल तर दोन्ही नंबर तपासा. बॉक्स असेल तर त्यावरचा नंबरही जुळवून पाहा.

५. विकणाऱ्याला त्याचं गुगल किंवा ॲपल अकाउंट तुमच्यासमोरच काढायला सांगा. नाहीतर रिसेट केल्यावर फोन जुना पासवर्ड मागेल.

बिल कशासाठी?

"जुन्या फोनचं कसलं बिल," असं म्हणून बरेच जण विषय सोडून देतात. पण दुकानदाराने फसवलं तर बिल हाच मोठा पुरावा असतो. त्यावर आयएमईआय नंबर आणि तारीख लिहून घ्या.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे फोन नागपूरच्या दुकानातून घेतला असला, तरी कारंजाच्या ग्राहकाला वर्ध्यात दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

मात्र विक्रीचा धंदा न करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून फोन घेतला, तर ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा उपयोगी पडत नाही. अशा व्यवहारात मूळ बिल मागा, साध्या कागदावर सहीनिशी लिहून घ्या आणि पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते.