नेपल्सचे शिंपी

परक्या शहरात शिंपी शोधणे ही तशी किरकोळ बाब. परंतु इटलीतील नेपल्स नगरीत हा शोध घेऊ पाहणाऱ्यास त्या नगरीच्या इतिहासातून वाट काढल्यावाचून गत्यंतर राहत नाही. पुरुषांचा कोट अंगावर बेतून हाताने शिवून देण्यात या शहराची बरोबरी करणारी शहरे जगात फार थोडी आहेत. तथापि ही कीर्ती ऐकून तेथे उतरलेला प्रवासी प्रथम गोंधळून जातो. वीया तोलेदो या हमरस्त्याने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, तर दुकानांच्या काचांमागे तयार कपडे त्याला हवे तितके दिसतात; शिंपी मात्र दिसत नाही. तो बहुधा कियाया भागातील एखाद्या जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर असतो. खाली दरवाजाशी एक लहानशी पाटी असते, कधी तीही नसते. जिना चढून गेल्यावर एक लांब मेज, एक उभा आरसा, कापडाचे गठ्ठे, आणि उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून बसलेली दोन-चार माणसे, एवढाच काय तो संसार. ज्यांची ख्याती समुद्रापार गेली ते कारागीर आपल्याच गावात असे आडोशाला का बसले असावेत, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

इटालियन भाषेत शिंप्यास 'सार्तो' म्हणतात. हा शब्द सांधणे, ठिगळ लावणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला आहे. म्हणजे कुळी पाहू गेले तर सार्तो हा मुळात फाटके सांधणारा. इंग्रजी 'टेलर' शब्दाचे मूळ कापण्यात आहे, इटालियन शब्दाचे सांधण्यात! या व्यवसायाचा आश्रयदाता संत ओमोबोनो हा क्रेमोना गावचा कापडाचा व्यापारी. तो ११९७ साली वारला आणि ११९९ मध्ये तिसऱ्या इनोसंट पोपने त्यास संतपद दिले. एका गृहस्थाश्रमी व्यापाऱ्यास मिळालेला हा मान त्या काळी दुर्मीळच होता. नेपल्समधील शिवणकऱ्यांच्या बंधुसंघाचा आरंभ १३५१ पर्यंत मागे नेला जातो. असे संघ म्हणजे केवळ धंद्याचे मंडळ नव्हे. देवळातील आपली वेदी सांभाळणे, आजारी भावास मदत देणे, विधवांची सोय पाहणे हीही त्यांची कामे असत.

या शहरात शिंप्यांना काम मिळत राहिले ते दरबारामुळे. नेपल्स ही शतकानुशतके राजधानी होती. राजे बदलले, आंजू घराणे गेले, आरागोन आले, स्पॅनिश सुभेदार आले, शेवटी बूर्बों आले. परंतु दरबार टिकला, आणि दरबार म्हटला की त्याचे सरदार, वकील, धर्माधिकारी, लष्करी अंमलदार हे सारे आलेच. ७ सप्टेंबर १८६० रोजी गारिबाल्दीने शहरात प्रवेश केला आणि पुढल्या वर्षी एकसंध इटलीचे राज्य जाहीर झाले. त्या क्षणी नेपल्सचे राजधानीपण संपले. राजा गेला; सरदार मात्र आपापल्या वाड्यांतून राहिले. उत्पन्न आटत चालले होते, पण नीटनेटके दिसण्याची सवय सुटली नव्हती. मान राखण्याचे जे थोडे मार्ग उरले होते त्यांत चांगला शिवलेला कोट हा एक होता.

त्या काळी सभ्य पोशाखाचा आदर्श लंडनचा असे. १९३० च्या दशकात जेन्नारो रुबिनाच्ची याने वीया फिलान्जेरी येथे दुकान काढले, तेव्हा त्यास नाव दिले ते 'लंडन हाऊस'. रुबिनाच्ची स्वतः शिवणारा नव्हता; तो होता रसिक. कापड बेतण्याचे काम त्याने विन्चेन्झो अत्तोलिनी यास सांगितले, आणि येथेच एक नवल घडले. इंग्रजी कोट हा थंड, ओलसर हवेत वाढलेला. त्याच्या खांद्यात भर, छातीत ताठ आधार, आत पुरे अस्तर. असा कोट व्हेसुव्हियसच्या पायथ्याच्या उन्हाळ्यात अंगावर घालणे म्हणजे शिक्षाच. अत्तोलिनीने त्याच्या पोटातील हे सारे सामान काढून टाकले. खांद्यातील भर गेली, अस्तर नाममात्र राहिले. बाही मात्र तिच्या घेरापेक्षा लहान अशा बगलेत हाताने चुण्या घालून बसविली जाऊ लागली. या चुण्यांमुळे तो खांदा सदऱ्याच्या खांद्यासारखा दिसतो, म्हणून त्यास 'सदऱ्याचा खांदा' असेच तेथे म्हणतात. त्याचा लाभ असा की हात वर केला तरी कोट वर चढत नाही. छातीवरच्या खिशास किंचित बाक देऊन त्याला 'नावडी' हे नाव पडले. अनुकरण करावयास निघालेल्या शहराने अशा रीतीने स्वतःचे असे काही निर्माण केले. असा पोकळ कोट बेताल शिवणीस कोठेही लपू देत नाही. भर नसल्यामुळे जो काही आकार यावयाचा तो कातरीतून, सुईतून आणि इस्त्रीतूनच यावा लागतो.

आता शिंपी आडोशाला का, हे कळू लागते. त्याचे गिऱ्हाईक रस्त्यावरून येणारे नव्हते. ते ओळखीतून येई. बापाने मुलास न्यावे, मुलाने मित्रास न्यावे, अशी ही साखळी. सरकारी नोकरीत बदलीच्या गावी बिऱ्हाड लावणाऱ्या आपणा मंडळींस ही रीत काही अपरिचित नाही. नव्या गावी चांगला शिंपी पाटी वाचून मिळत नाही. कचेरीतील एखाद्या जुन्या सहकाऱ्याने "त्याच्याकडे जा, माझे नाव सांगा," असे म्हणावे लागते. आणि आपला कोणता खांदा उतरता आहे हे त्या शिंप्याच्या ध्यानी येते न येते, तोच पुढील बदलीचा हुकूम हाती पडतो. नेपल्सच्या गृहस्थाची बदली होत नसे. त्याचे माप एकाच हाताखाली तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत रुंदावत जाई. पाटीची गरज होती कोणास?

परंतु या चित्राची दुसरी बाजू सांगितल्यावाचून राहणे अन्यायाचे होईल. एदुआर्दो स्कार्पेत्ता या नेपल्सच्या नाटककाराचे 'दैन्य आणि थोरवी' या अर्थाचे नाव असलेले एक एकोणिसाव्या शतकातील प्रहसन आहे. १९५४ मध्ये त्यावर निघालेल्या चित्रपटात तोतो या विख्यात विनोदी नटाने नायकाचे काम केले. नायक आहे लोकांची पत्रे लिहून देऊन पोट भरू पाहणारा एक गरीब लेखनिक. तो आणि त्याचे उपाशी सोबती भारी कपडे चढवून सरदार घराण्याचे सोंग आणतात. प्रेक्षक हसतो, पण हे शहर दैन्य आणि थोरवी एकाच जिन्यावर नांदवीत आले, हे सत्य त्या हसण्याखाली आहे. सरदाराचा कोट ज्या हातांनी शिवला जाई ते हात दैन्याचे होते. आठ-दहा वर्षांचे पोर शिंप्याकडे उमेदवारीस ठेवले जाई. झाडणे, निखाऱ्याची इस्त्री तापविणे, टाके उसवणे यांत त्याची पहिली वर्षे जात. वेतन असलेच तर नावापुरते. काजे करणे, विजारी शिवणे ही कामे कित्येकदा घरोघरच्या बायका करीत. त्यांचे नाव कोणत्याही पाटीवर आले नाही. सुईवरचा जो सहज हात पाहून आज आपण थक्क होतो, तो पुष्कळदा हिरावून घेतलेल्या बालपणाचा हात आहे.

हे थांबविले ते कायद्याने. १ जानेवारी १९४८ पासून अमलात आलेल्या इटलीच्या राज्यघटनेने निदान आठ वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण सांगितले. १९६२ च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांसाठी एकच माध्यमिक शाळा ठरविली, आणि १९६७ च्या कायद्याने कामावर घेण्याचे किमान वय सर्वसाधारणपणे पंधरा वर्षे केले. हे योग्यच झाले; याविषयी दुमत असू नये. परंतु योग्य गोष्टीचेही मोल द्यावे लागते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलास बसकी खोली आणि दहा वर्षांची उमेदवारी नको होती. आणि पित्यालाही आपला मुलगा सुईवर बसावा असे वाटत नव्हते. शिंप्याने मुलास शिकविले, आणि मुलगा शिंपी झाला नाही.

मग ही विद्या टिकली कशी? एक उत्तर कारखान्याचे. रोममध्ये नाझारेनो फोन्तिकोली व गाएतानो साविनी यांनी १९४५ मध्ये ब्रिओनी ही पेढी काढली, १९५२ मध्ये फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात पुरुषांच्या पोशाखाचे प्रदर्शन घडविले, आणि पुढे फोन्तिकोलीच्या पेन्ने या गावी कारखाना उभारला. एका शिंप्याचे काम अनेक लहान कामांत वाटून, प्रत्येक काम हातानेच पण वेगवेगळ्या माणसांकडून करून घ्यावयाचे, अशी ती पद्धत. १९८५ मध्ये तेथे शिवणविद्येची शाळाही निघाली. नेपल्सजवळ आर्झानो येथे कापडव्यापाऱ्यांच्या घराण्यातील चिरो पाओने याने १९६८ मध्ये कितोन ही पेढी स्थापिली. तिनेही पुढे आपली शाळा काढली. या शाळांत मूल नव्हे, तर तरुण शिकतो, आणि तो स्वखुशीने येतो. दुसरे उत्तर परदेशाने दिले. जपानी तरुण नेपल्सला येऊन, भाषा शिकून, या खोल्यांतून वर्षानुवर्षे बसले आणि मायदेशी परतून तसेच कोट शिवू लागले. आता नेपल्सचे शिंपी स्वतःच कापडाचे नमुने घेऊन लंडन, न्यूयॉर्क, टोकियो येथे मापे घ्यावयास जातात. गावच्या सरदाराची जागा सातासमुद्रांपलीकडील गिऱ्हाइकाने घेतली आहे.

म्हणून नेपल्सला जाणाऱ्याने शिंप्याचा शोध पहिल्या दिवशी घ्यावा, अखेरच्या नव्हे. माप एकदा, कच्च्या शिवणीवर अंगावर घालून पाहणे दोनदा-तीनदा, असा हा व्यवहार आहे. दोन दिवसांत तो उरकत नाही. कोट शिवून घेण्याची ऐपत आपल्यासारख्या पगारदारांपैकी फारच थोड्यांची. परंतु ओळखीने तो जिना चढून जावयास मिळाले, तर मेजावरच्या कापडाकडे पाहण्याआधी खिडकीशी बसलेल्यांकडे पाहावे. ते सारेच साठीच्या पुढचे असतील, तर ती खोली लवकरच बंद होणार, असे समजावे. त्यांच्यात एखादे पंचविशीचे पोर, मग ते नेपल्सचे असो वा टोकियोचे, मान खाली घालून बाही बसवीत असेल, तर बालपण न गमावताही ही विद्या हाती येते, याचा पुरावा आपण पाहिला असे मानावे. त्या शहराच्या शिवणकामाचे पुढे काय होणार, हे त्या खिडकीशी बसणाऱ्यांच्या वयावरच अवलंबून आहे.