तलावाकाठी तंबूत मुक्काम : निघण्यापूर्वी, मुक्कामात आणि परतल्यावर घ्यायची काळजी

वाशिम, कारंजा, मालेगाव भागातील अनेक कुटुंबे सुट्टीत चिखलदऱ्याला किंवा मेळघाटात सेमाडोहला जातात. कुणी जवळच्या काटेपूर्णा जलाशयाच्या परिसरात जातात. अलीकडे खोलीऐवजी तंबूत राहण्याची हौस वाढली आहे. हौस चांगलीच आहे. फक्त एक लक्षात ठेवा : अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल तिथे तंबू लावता येत नाही. परवानगी असलेल्या जागीच राहा. अशा ठिकाणी रात्री काही झाले तर माणसे आणि वाहन लवकर मिळते.

उंचीचा त्रास होतो का?

नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. त्यामुळे इथे दम लागला किंवा छातीत दुखले, तर "उंचीमुळे होत असेल" म्हणून थांबू नका. ते हृदयाचे किंवा फुप्फुसाचे दुखणे असू शकते.

थंडी मात्र खरी असते. पाण्याकाठी पहाटे गारठा वाढतो. दमा असलेल्यांनी इन्हेलर उशाशीच ठेवावा.

तंबूत शेगडी किंवा निखारे नेऊ नका

थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी तंबूत किंवा बंद गाडीत ठेवली जाते. ज्वाळा आणि धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस झोपेतच दगावू शकतो. तंबूचे दार थोडे उघडे ठेवणे हा त्यावर उपाय नाही. शेकोटी बाहेरच ठेवा, झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवा आणि उबेसाठी जादा पांघरुणे न्या.

जमिनीवर झोपणे आणि मण्यार

आपल्याकडे माणसांना जास्त धोका असलेले विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. तंबूत झोपणाऱ्यांनी मण्यारीची माहिती ठेवलीच पाहिजे. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला अंथरुणात चावू शकते. चावा बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते. मग श्वास मंदावतो.

म्हणून जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटदुखी सुरू झाली आणि पापण्या मिटू लागल्या, तर ॲसिडिटीची गोळी देऊन झोपवू नका. सर्पदंश समजूनच रुग्णालयात न्या.

- तंबूला शिवलेला तळ आणि पूर्ण बंद होणारी चेन असावी.
- शक्यतो खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.
- अन्न तंबूत ठेवू नका. त्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात.
- रात्री उठताना टॉर्च आणि बूट वापरा. बूट आधी झटका.

साप चावल्यास काय करावे?

- रुग्णाला चालवू नका. चावा हातापायाला असेल तर तो फळीला सैल बांधून स्थिर ठेवा.
- अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण काढा.
- घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, रक्त चोखू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. साप पकडायला जाऊ नका.
- १०८ ला फोन करा. आतल्या जंगलात फोनची रेंज नसते, तेव्हा गाडी मिळेल ती घ्या.
- वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. श्वास चालू राहिला तर रुग्ण वाचू शकतो.

निघण्यापूर्वीच चौकशी करा : मुक्कामाजवळ सर्पदंशाची लस कुठे मिळते? चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, धारणी आणि अचलपूरला उपजिल्हा रुग्णालये आहेत. फोन नंबर कागदावर लिहून घ्या.

पाणी आणि पोहणे

तलावाचे पाणी कितीही नितळ दिसले तरी तसेच पिऊ नका. फडक्याने गाळा आणि खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवा. जुलाब लागले तर ओआरएस द्या. लहान मुलाची लघवी कमी झाली किंवा ते सुस्त पडले तर थांबू नका.

अनोळखी तलावात उतरू नका. काठ उतरता असतो, तळाशी गाळ असतो. दारू प्यायलेल्याला पाण्याजवळ सोडू नका. कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका. दोर, ओढणी किंवा रिकामा कॅन फेका.

जुने आजार असलेल्यांसाठी

औषधे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत न्या. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांब चालण्यापूर्वी खावे आणि खिशात साखर ठेवावी.

सिकलसेलचा आजार विदर्भात अनेक घरांत आहे. अशा रुग्णाला गारठा, थंड पाण्यात डुंबणे, पाणी कमी पिणे आणि दमछाक यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याने गरम कपडे घालावेत, भरपूर पाणी प्यावे, रोजची गोळी चुकवू नये.

परतल्यावर ताप आला तर

गवतात, झुडपांत स्क्रब टायफस पसरवणारे अगदी बारीक किडे असतात. २०१८ साली विदर्भात या आजाराची मोठी साथ आली होती. साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. काख, जांघ किंवा कमरेच्या पट्ट्याखाली, विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसू शकते. ती दुखत नाही, म्हणून शोधावी लागते. काही जणांना ती येतही नाही. वेळेत निदान झाले तर साध्या, स्वस्त औषधाने आजार बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूवर परिणाम होतो. मलेरिया तर याहून उशिराही येऊ शकतो.

म्हणून ताप आल्यास मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी विचारले नाही तरी सांगा : "आम्ही जंगलात मुक्कामाला गेलो होतो." या एका वाक्याने योग्य तपासणी लवकर होते.