विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे कॉलेज

१८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात सुरुवातीला शिकवले काहीच जात नव्हते. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर अभ्यासक्रम आखायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, एवढेच त्याचे काम होते. शिकवणे कॉलेजांकडे होते. त्यामुळे पदवी सगळ्यांची एक, पण कोण काय शिकून बाहेर पडला हे कॉलेजवर ठरे. भाषा किंवा इतिहास शिकणाऱ्याला याची झळ कमी बसे, कारण पुस्तक मिळाले की त्याचे बरेचसे काम होई. ज्याला रसायन, पदार्थविज्ञान किंवा वनस्पतिशास्त्र शिकायचे होते, त्याला मात्र काचेची भांडी, तराजू, आम्ले आणि ती हाताळायला शिकवणारा माणूस जिथे असेल तिथेच जावे लागे. महाराष्ट्रात विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कॉलेज कसे निवडले याचा इतिहास बराचसा या प्रयोगशाळेच्या शोधाचाच आहे.

विद्यापीठाआधी हा शोध वैद्यकाच्या दारात जाऊन थांबे. रसायन आणि वनस्पतिशास्त्र पद्धतशीर शिकायचे तर मुंबईत १८४५ साली सुरू झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज हे मुख्य ठिकाण होते. एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले भाऊ दाजी लाड तिथे गेले आणि १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत होते. गणित आणि सृष्टिशास्त्र यांची गोष्ट वेगळी होती. तिथे साधनांपेक्षा शिक्षक मोठा होता. एल्फिन्स्टनमध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ते शिकवले आणि पुढे १८५५ साली दादाभाई नौरोजी त्याच विषयांचे प्राध्यापक झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात केरो लक्ष्मण छत्रे होते. तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले केरूनाना गणित शिकवत आणि बाळ गंगाधर टिळक हे त्यांच्याच हाताखालचे विद्यार्थी. धोंडो केशव कर्व्यांनी विल्सन कॉलेजात सुरुवात केली, पण गणित घेऊन बी. ए. व्हायला ते एल्फिन्स्टनमध्ये गेले. विषयासाठी कॉलेज बदलण्यात त्या काळी कुणाला वावगे वाटत नसे.

विज्ञानाची स्वतंत्र पदवी, म्हणजे बी. एस्सी., मुंबई विद्यापीठाने १८८०च्या सुमारास सुरू केली. तोवर विज्ञान बी. ए.च्या विषयांत कुठेतरी कोपऱ्यात बसलेले असे. पदवी आली तरी ती घेणारे फार थोडे निघाले. त्याचे एक कारण असे की विज्ञान शिकून पुढे करायचे काय, याचे उत्तर ‘डॉक्टर किंवा इंजिनिअर’ असेच होते आणि त्या दोन्ही वाटांना वेगळी पदवी होती. पुण्यात १८५४ साली सार्वजनिक बांधकाम खात्याला माणसे पुरवण्यासाठी निघालेली शाळा वाढत वाढत याच सुमारास ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाली. नावात सायन्स असले तरी तिचा जीव स्थापत्यशास्त्रात होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बंगळुरूहून बी. ए. होऊन, म्हैसूर सरकारच्या मदतीवर इथे आले आणि १८८३ साली परीक्षेत पहिले आले. १९११ साली या संस्थेने ‘सायन्स’ हा शब्द सोडला आणि ती इंजिनिअरिंग कॉलेज झाली. शेतकीचे वर्गही तोवर वेगळे निघाले होते. शुद्ध विज्ञानासाठी सरकारने पुण्यात जणू जागा रिकामी केली, आणि ती भरून काढायला खासगी कॉलेज पुढे आले.

ते फर्ग्युसन. २ जानेवारी १८८५ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेल्या या कॉलेजाचे आजीव सदस्य महिना ७५ रुपयांवर वीस वर्षे काम करण्याच्या बोलीने येत. कोकणातल्या आणि देशावरच्या गरीब घरातल्या मुलाला हे कॉलेज आपले वाटे. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे इथूनच केंब्रिजला गेले, १८९९ साली सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले आणि परत येऊन १९०२ पासून अनेक वर्षे इथलेच प्राचार्य राहिले. गणितासाठी फर्ग्युसन ही ख्याती तिथून पक्की झाली. पुढे १९३०च्या दशकात दामोदर धर्मानंद कोसंबीही तिथे गणित शिकवायला आले. मुंबईत १८६९ साली निघालेल्या सेंट झेवियर्सची ओळख वेगळ्या विषयाने झाली. स्विस जेझुइट एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०६ साली तिथे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह उभारायला घेतला. सह्याद्रीतली एखादी वनस्पती ओळखायची असेल तर आजही अभ्यासकाला त्या संग्रहापाशी जावे लागते. ब्लॅटरनंतर स्पेनहून आलेल्या हर्मेनगिल्ड सांतापाऊंनी ती परंपरा चालवली. वनस्पतिशास्त्राला झेवियर्स, गणिताला फर्ग्युसन असे विद्यार्थी बोलू लागले ते अशा एकेका माणसाच्या कामामुळे.

प्रयोगशाळा कशी आहे याला किती महत्त्व होते, हे रसायनाच्या एका तासावरूनही कळे. सॉल्ट अ‍ॅनालिसिस म्हणजे दिलेल्या पांढऱ्या किंवा रंगीत पुडीत कोणते क्षार आहेत ते शोधणे. पुडी पाण्यात विरघळवायची, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे आणि मग किप्स अ‍ॅपरेटसमधून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडायचा. सडक्या अंड्यांचा वास सगळ्या खोलीत भरे आणि कपड्यांबरोबर घरापर्यंत जाई. परीक्षानळीत पिवळा साका पडला तर कॅडमियम किंवा आर्सेनिक, काळा पडला तर तांबे किंवा शिसे. या सगळ्याला सतत ज्योत लागते. गॅसचा बर्नर असेल तर काम झटपट होई. गॅसची सोय नसलेल्या गावी पेट्रोलपासून गॅस करणारे यंत्र बसवावे लागे, नाहीतर स्पिरिटच्या दिव्यावर भागवावे लागे. नळाचे पाणी, वायू बाहेर जायला धुराडे, अचूक तराजू ठेवायला न हलणारे ओटे हे सगळे पैशाचे काम. ज्या कॉलेजात तराजू चार आणि मुले चाळीस, तिथला मुलगा पुस्तकात हुशार निघे, पण हाताने कच्चा राही. प्रात्यक्षिकाची वही, म्हणजे जर्नल, शिक्षकाच्या सहीने पुरी झाल्याशिवाय प्रॅक्टिकलला बसता येत नसे. त्या वहीत केलेल्या प्रयोगांची नोंद किती आणि उतरवलेली किती, यावरून कॉलेजची खरी किंमत कळे.

मुंबई इलाख्यातली मोठी प्रयोगशाळा उभी राहायला १९२० साल उजाडले. गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्या कल्पनेतून, कावसजी जहांगीर, जेकब ससून, करीमभाई इब्राहिम आणि वसनजी मुळजी यांच्या देणग्यांवर, जॉर्ज विटेटच्या आराखड्यानुसार रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स फोर्टमध्ये बांधून झाले. फक्त विज्ञान शिकवणारी आणि संशोधन करणारी स्वतंत्र संस्था, हे त्याचे वेगळेपण. होमी भाभा एल्फिन्स्टनमधून इथे आणि इथून केंब्रिजला गेले. ग्वाल्हेरचे श्रीराम अभ्यंकर १९५१ साली इथून बी. एस्सी. झाले. १९४९ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती, म्हणजे इन्स्टिट्यूटपासून पायी जाण्याच्या अंतरावर, आणि अभ्यंकर तिथली व्याख्यानेही ऐकत. कॉलेजच्या आसपास आणखी काय आहे, यानेही विद्यार्थी घडतो. १९३३ साली विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञानाचा स्वतःचा विभाग काढला, तो पुढे माटुंग्याला गेला आणि रसायन घेऊन कारखान्यात जाऊ पाहणाऱ्यांसाठी नवी वाट खुली झाली.

त्याच १९३३ सालची कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी, यांची हकिकत निवडीच्या इतिहासात विसरता येत नाही. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी.त रसायन घेऊन त्या पहिल्या आल्या. वडील आणि काका बंगळुरूच्या टाटा संस्थेत, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, शिकलेले, त्यामुळे पुढचे शिक्षण कुठे हा प्रश्न घरात कधीचाच सुटलेला होता. संस्थेचे संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मात्र मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष अटींवर घेतले गेले आणि त्यांच्या कामाने रामन यांचे मत बदलले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच. डी. मिळवली, आणि पुढे त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या. कॉलेज निवडण्याचा अधिकार अर्ध्या समाजाला मुळात नव्हताच, ही गोष्ट या एका प्रसंगातून लख्ख दिसते.

मुंबई-पुण्याबाहेरच्या विद्यार्थ्याची निवड रेल्वे, राज्याची सीमा आणि खानावळ यांवरून ठरे. कोल्हापुरात १८८० पासून राजाराम कॉलेज होते. तिथे शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी रसायन आणि पदार्थविज्ञानावर मराठीत पुस्तके लिहिली. सांगलीत १९१९ साली विलिंग्डन निघाले. नागपूरकरांचे विद्यापीठ आधी कलकत्ता, मग अलाहाबाद आणि १९२३ पासून स्वतःचे. तिथे १९०६ पासून विज्ञानाचे स्वतंत्र सरकारी कॉलेज असल्याने विदर्भातला मुलगा पुण्याकडे सहसा वळत नसे. मराठवाडा निजामाच्या राज्यात. तिथल्या विद्यार्थ्यापुढे हैदराबादचे उस्मानिया होते आणि तिथे १९४८ पर्यंत शिक्षण उर्दूतून. म्हणून १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला काढलेल्या कॉलेजाचे, म्हणजे पुढच्या मिलिंदचे, मोल फार मोठे आहे. त्याआधी १९४६ साली याच संस्थेने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले होते आणि नोकरी करणाऱ्यांसाठी तिथे वर्ग सकाळी भरत. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात १९४७ पासून ‘कमवा आणि शिका’ होते. गोव्यात पणजीचे लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा, आणि वैद्यक विद्यालय होते, पण विज्ञानाच्या पदवीसाठी गोमंतकीय मुले बेळगाव, धारवाड किंवा मुंबई गाठत. पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले ही कॉलेजे निघाली ती मुक्तीनंतर, १९६२ साली.

स्वातंत्र्यानंतरची पंचवीस वर्षे इंटर सायन्सची. अकरावी एस. एस. सी. झाल्यावर फर्स्ट इयर सायन्स, मग इंटर. गणिताचा ए ग्रूप इंजिनिअरिंगकडे, जीवशास्त्राचा बी ग्रूप मेडिकलकडे. कॉलेज निवडताना घरातली मंडळी एकच विचारू लागली: इंटरचा निकाल कसा लागतो? वास्तविक बी. एस्सी.ची चार वर्षे सलग शिकायची, पण मधल्या या गाळणीमुळे शेवटची दोन वर्षे ‘राहून गेलेल्यांची’ मानली जाऊ लागली. विज्ञानाच्या शिक्षणाचे महाराष्ट्रात झालेले सर्वांत मोठे नुकसान हेच, कारण संशोधनाकडे जाऊ शकणारी मुले स्वतःला नापास समजत वर्गात बसली.

१९७०च्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना आली आणि निवडीचे वय एका वर्षाने अलीकडे आले. इंटरचे ओझे बारावीवर गेले. ज्युनिअर कॉलेज निवडताना बायफोकल हा नवा शब्द घरोघरी पोचला. द्वितीय भाषा सोडून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा २०० गुणांचा विषय ज्या कॉलेजात मिळे, त्याची कट-ऑफ चढत गेली. प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा असे. जूनच्या पावसात प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका सांभाळत आई किंवा वडील रांगेत उभे राहत आणि मेरिट लिस्ट लागली की काचेच्या फळ्यापाशी गर्दी होई. १९८३ साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, जागा वाढल्या आणि पीसीएमची, म्हणजे पदार्थविज्ञान, रसायन आणि गणिताची, मागणी त्याहून वाढली. लातूरच्या कॉलेजांनी नेमका सराव, जादा तास आणि सतत चाचण्या यांवर बारावीचा निकाल घडवून दाखवला. ‘लातूर पॅटर्न’साठी जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले तिथे खोल्या घेऊन राहू लागली. मुंबई-पुण्याकडेच पाहण्याची शंभर वर्षांची सवय त्यामुळे मोडली, याचे श्रेय लातूरला द्यायलाच हवे. पुढे प्रवेशपरीक्षांचा जोर वाढला तसे क्लासशी जोडलेले ‘इंटिग्रेटेड’ कॉलेज आले. त्यात मुलगा दिवसभर क्लासमध्ये असतो आणि कॉलेजात त्याचे केवळ नाव असते. जर्नल वर्षाच्या शेवटी एका आठवड्यात उतरवून होते.

मूळ विज्ञानाकडे जाणाऱ्यांसाठी याच काळात काही दारे नव्याने उघडली. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून शालेय विज्ञानावर काम करत होते, पुढे ऑलिम्पियाडची तयारीही तिथे होऊ लागली. पुण्यात २००६ साली आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था निघाली आणि मुंबईत २००७ साली विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांनी मिळून मूलभूत विज्ञानाचे केंद्र सुरू केले. दोन्हीकडे बारावीनंतर सलग पाच वर्षे, आणि संशोधकांच्या प्रयोगशाळेत हात घालण्याची सोय.

अकरावीचे प्रवेश मुंबई विभागात २००९ पासून ऑनलाइन झाले आणि २०२५ पासून सगळ्या राज्यात. विद्यार्थी आता जास्तीत जास्त दहा कॉलेजे पसंतीक्रमाने भरतो. पडद्यावर कॉलेजचे नाव, शाखा, माध्यम, अनुदानित की विनाअनुदानित, शुल्क आणि गेल्या वर्षीची कट-ऑफ दिसते. प्रयोगशाळेत तराजू किती, हे बघायला अजूनही कॉलेजात जावे लागते.