मृत्यूच्या कारणांच्या जुन्या नोंदी

मृत्यूच्या कारणांच्या जुन्या नोंदी : घराण्याचा इतिहास शोधण्याचे एक साधन. गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत पूर्वजाच्या नावापुढे मरणाचे कारण लिहिलेले असते. महाराष्ट्रात अशा नोंदी मुख्यतः जुन्या गाव नमुना नंबर 14 मध्ये मिळतात. लोक त्याला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची बरीच पुस्तके तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांत असून अनेक पाने मोडी लिपीत आहेत. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे त्यांची नक्कल पुष्कळ घरांत पोचली. मात्र जातीच्या रकान्यापुढे नजर सहसा जात नाही. कारणाचा रकाना तितक्याच बारकाईने वाचण्याजोगा आहे.

हे कारण बहुधा डॉक्टरने ठरवलेले नसे. घरच्यांनी सांगायचे, कोतवालाने किंवा पाटलाने ऐकायचे आणि सरकारने आखून दिलेल्या सदरांत बसवायचे, असा रिवाज होता. पटकी, देवी, ताप, हगवण-आव, पुढे प्लेग, इजा आणि ‘इतर’ ही त्यांतली ठळक सदरे. सगळ्यांत फसवे सदर तापाचे. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, बाळंतपणातला ताप, क्षयाचे अखेरचे दिवस, सगळे त्यातच जमा होई. ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदलेल्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा याच सदराचा होता. म्हणून ‘ताप’ हा शब्द एकटा वाचू नये. साल 1918, महिना ऑक्टोबर, वय 20 ते 40, आणि त्याच पानावर खाली-वर तशाच वयाच्या माणसांची नावे, असे जुळून आले तर तो ताप बहुधा इन्फ्लुएंझाचा, म्हणजे मानमोडीचा. दुसऱ्या एखाद्या साली पावसाळा सरताना लहान मुलापुढे ‘ताप’ दिसला, तर हिवतापाचा संशय आधी घ्यावा.

प्लेगची साथ मुंबईत 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात उघडकीस आली. ‘ग्रंथिक सन्निपात’ किंवा ‘गाठीचा ताप’ म्हणजे प्लेगच. पण 1897 मध्ये घरांच्या झडत्या आणि विलगीकरण छावण्या यांच्या धास्तीने लोक आजार लपवत. त्यामुळे त्या काळातल्या पानावर साधा ‘ताप’ असला, तरी प्लेग नव्हताच असे म्हणता येत नाही.

पटकीला वाखा, जरीमरी, मोडशी अशीही नावे होती. मोडशी तर फार जुनी : पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने गोव्यात 1563 मध्ये छापलेल्या ग्रंथात या आजाराचे स्थानिक नाव याच रूपाचे दिले आहे. तरी साध्या अपचनालाही मोडशी म्हणत, हे ध्यानात ठेवावे. ‘देवी’ ही नोंद त्यामानाने भरवशाची, कारण फोड गावात सगळ्यांच्या ओळखीचे. गोवर-कांजिण्यांशी गल्लत होई ती मुख्यतः तान्ह्या मुलांत.

वयाचा रकाना पुष्कळदा कारणापेक्षा अधिक बोलतो. सात-आठ दिवसांच्या बाळापुढे ‘आचके’ असेल, तर नाळेतून झालेला धनुर्वात आधी आठवावा. ‘बाळंतरोग’ या एकाच शब्दात प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्गही येतो आणि बाळंतपणानंतर बळावलेला क्षयही. आईच्या मृत्यूची तारीख मुलाच्या जन्मतारखेशी ताडून पाहिली तर फरक बराच उलगडतो. ‘विहिरीत पडून’ या शब्दांवरून अपघात, आत्महत्या की घात, हे कळत नाही. तरुण सुनेच्या नावापुढे ते दिसले, तर पोलिस पंचनाम्याचे कागद शोधणे हे वारसांचे कर्तव्यच आहे.

1876-78 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत भुकेने खंगलेली माणसे हगवण, पटकी, ताप याच सदरांत गेली. त्या वर्षांत एका घरातली तीन-चार नावे लागोपाठ आली, तर रोगाचे नाव काहीही असो, उपासमार मृत्यूच्या मुळाशी असण्याची शक्यता धरावी.

वंशावळीत नोंद उतरवताना मूळ शब्द जसाच्या तसा, त्याच्या शुद्धलेखनासह लिहावा. आपला तर्क शेजारी, वेगळ्या शाईत.