पाटणचा मठ आणि मोराचे गणित

लोहोणेरवरून वाहणारी आपली गिरणा पुढे जळगाव जिल्ह्यात उतरते. त्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या डोंगरकुशीत पाटण हे जुने ठिकाण आहे. तेथील देवीच्या देवळातला शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा, शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास दान दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. परंतु पेठेतील मालातून नि तेलघाण्यांवरून मठाला काय मिळावे, हा व्यवहार मात्र तेव्हाच्या मराठीत कोरला आहे. ज्यांनी द्यायचे, त्यांना तो समजायला हवा होता!

त्या मठात शिकवायचे काय? भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचा पहिला भाग. तिच्यातले एक उदाहरण पाहा. नऊ हात उंच खांब आहे. त्याच्या बुडाशी सापाचे बीळ आणि टोकावर मोर. खांबापासून सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघालेला दिसताच मोर तिरपा झेपावतो. दोघांचा वेग सारखा. तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल?

पोरगा क्षणभर गणित विसरतो. साप वाचतो की मरतो, एवढेच त्याला पाहायचे असते. पण ते पाहण्यासाठी त्याला काटकोन त्रिकोणच मांडावा लागतो. उत्तर बारा हात. खांब नऊ, जमिनीवरची बाजू बारा, म्हणून मोराची झेप पंधरा. आणि सत्ताविसातून बारा गेले की सापाची चालही पंधराच. गोष्टीतून त्रिकोण काढून टाकला तर गोष्टच उरत नाही. आचार्यांचे कसब ते हेच.

आता दुसरी गोष्ट घ्या. लीलावती आचार्यांची कन्या. लग्नघटका मोजणाऱ्या घटिकापात्रात तिच्या दागिन्यातला मोती पडला, छिद्र बुजले, मुहूर्त टळला. तेव्हा तिच्या सांत्वनासाठी पित्याने हा ग्रंथ लिहिला. ही कथा आचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात ती येते, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. ती वर्गात सांगू नये असे मी म्हणत नाही. दंतकथा म्हणून सांगावी, आणि तेवढ्यावर तास संपवू नये. पुष्कळ ठिकाणी होते असे की मुलगी लीलावतीसाठी हळहळते, पण सापाचे अंतर काही तिच्याकडून काढून घेतले जात नाही. मग विज्ञान तिच्या वाट्याला भक्तिभावाने ऐकायची पोथी म्हणूनच येते.

हा धागा आपल्या काळातही तुटला नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. त्याची आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर निघतात! केंब्रिजला नावाजलेल्या या खगोलशास्त्रज्ञाने आपल्या कीर्तीचे वजन कथेच्या पारड्यात पडू दिले नाही. २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले.

आठशे वर्षांपूर्वी पाटणच्या पेठेने आपल्या तेलातला वाटा गणिताच्या अभ्यासासाठी बाजूला काढला. आपल्याकडे मागणे त्याहून कमी आहे. देवळ्याच्या शाळेतला गुरुजी गोष्ट सांगू लागला, तर ‘पोर्शन’ कधी संपणार, असे त्याला विचारू नका. घरी आलेल्या पोराला मात्र अवश्य विचारा, की गाठ कितव्या हातावर पडली, आणि ते तू कसे काढलेस?