लाल विंचू, प्राझोसिन आणि एक छोटंसं लेबल

आजच्या भागाची सुरुवात पावसपासून. स्वामी स्वरूपानंदांचं पावस, आंब्याच्या बागांचं पावस. आणि आजूबाजूला काय? तर जांभ्याचा कातळ आणि दगडी गडगे. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, गडग्याचा दगड उचलताना आधी बघायचं. खाली लाल विंचू असू शकतो.

हा विंचू दिसायला लहान, पण त्याचं विष थेट हृदयावर ताण आणतं. घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, मग फुफ्फुसांत पाणी. एकेकाळी विष अंगात भिनलेल्या रुग्णांपैकी तिसाहून अधिक टक्के दगावत.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी एकेका लक्षणाची नोंद ठेवली. 1982 मध्ये ती निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे ब्लड प्रेशरवरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं. 1986 मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबतचा त्यावरचा लेखही 'लॅन्सेट'मध्येच आला. हळूहळू मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास उतरलं.

आता खरी गंमत ऐका. लेख छापून आला, पण जगातल्या दुसऱ्या डॉक्टरला तो सापडणार कसा?

इथे गोष्ट जाते अमेरिकेत. तिथल्या लष्कराच्या वैद्यकीय ग्रंथालयाचे जॉन शॉ बिलिंग्ज यांनी 1879 मध्ये 'इंडेक्स मेडिकस' सुरू केलं. जगभरच्या वैद्यकीय लेखांची विषयवार यादी! 1960 मध्ये त्यासाठी ठरावीक शब्दांचा संच तयार झाला, त्याचं नाव 'मेश'. 1964 पासून हे काम कॉम्प्युटरवर गेलं. आज आपण मोबाइलवर 'पबमेड' उघडतो ना, त्याच्या पोटात हाच 'मेश' आहे.

हे चालतं कसं? अनेक वर्षं माणसं एकेक लेख वाचून त्याला विषयाची लेबलं लावत. लेखक काहीही म्हणो, लेबल ठरलेलंच. औषधाच्या लेखाला तर जोडलेबलही हवं: प्राझोसिनचा उपचारासाठी वापर, की प्राझोसिनचे दुष्परिणाम? दोन्ही वेगळ्या गोष्टी. समजा, असा लेख फक्त 'ब्लड प्रेशर' या कप्प्यात गेला असता, तर विंचवावर उपाय शोधणाऱ्या डॉक्टरला तो दिसलाच नसता. लेख असूनही नसल्यासारखा!

त्यात विंचवाचं नावही बदलत गेलं. शास्त्रज्ञांनी त्याला आधी ब्यूथस म्हटलं, मग मेसोब्यूथस, आता हॉटेनटोटा. विंचू तोच! अशा वेळी जुने-नवे लेख एकत्र ठेवायला एक पक्कं लेबल लागतंच.

अर्थात, नुसत्या यादीने जीव वाचत नाही. बावस्करांनी कोकणातल्या आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना हे उपचार स्वतः शिकवले. पण गावाबाहेरच्या, देशाबाहेरच्या डॉक्टरपर्यंत पोचायला ती यादीच कामाला आली. 2011 मध्ये 'बीएमजे'मध्ये त्यांचा 70 रुग्णांवरचा अभ्यास आला. प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर बरा होतो, असं त्यात दिसलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्याच 2022 पासून लेबलं लावण्याचं काम मुख्यतः मशीन करतं. काम झटपट होतं, पण एक प्रश्न उरतोच. ज्या नियतकालिकाचं नावच या यादीत नाही, त्यातला एखाद्या गावच्या डॉक्टरचा शोध कोण वाचणार? बावस्करांचं लेखन 'लॅन्सेट'मध्ये आलं म्हणून ते सापडलं. वहीत राहिलेल्या नोंदींना कुठलंच लेबल नसतं.

आणि हो, विंचू चावला तर ऐकीव माहितीवर स्वतःच गोळी घेऊ नका. प्राझोसिनने ब्लड प्रेशर एकदम उतरू शकतं. सरळ दवाखाना गाठा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर दगड जपून उचला!